वाऱ्याला बेतलेलं कवच

लेकीने दार ढकललं तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि बायको जेवणाच्या टेबलावर पालथी पडलेली होती. मानेपासून कमरेपर्यंत तिच्या पाठीवर ओलं प्लास्टर थापलेलं. गुडघे पोटाशी ओढून उशांवर टेकवलेले, हात पुढे, मुठी आवळलेल्या. लेकीच्या हातातली पिशवी तिथेच उंबऱ्यावर सुटली. आई कशी पडली, कधी पडली, मला फोन का नाही केला, असं सगळं तिने एका दमात विचारून टाकलं.

"पडले नाही गं," आई टेबलाच्या फळीला सांगावं तशी म्हणाली. "माप चाललंय."

"बोलू नकोस," तो म्हणाला. "बोललीस की बरगड्या हलतात."

"नाक खाजतंय."

"खाजू दे."

लेक मटकन खुर्चीत बसली. बाप हाडांच्या दवाखान्यात कामाला, त्यामुळे प्लास्टर तिने लहानपणापासून पाहिलेलं. पण धडधाकट माणसाला, तेही जेवणाच्या टेबलावर, हे तिला नवीन होतं. शेवटी उठून तिने आईचं नाक खाजवून दिलं आणि हे कशासाठी चाललंय ते विचारलं. तो म्हणाला, वाऱ्यासाठी.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. एका भिंतीला पाय टांगलेले, एका भिंतीला हात, मधे मोठं टेबल आणि कोपऱ्यात प्लास्टरची पोती. ज्यांचा पाय कापावा लागलेला असे, त्यांना तो नवा पाय करून देई. दवाखान्यातले सगळे त्याला पायवाले म्हणत, आणि इतकी वर्षं झाल्यावर कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तोच क्षणभर मागे वळून बघे. त्याच्या कामातली सगळी मेख एका वाटीसारख्या भागात होती. माणसाचा उरलेला पाय ज्यात बसतो, ती वाटी. ती आतून बोचली तर सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे त्याचा सगळा जीव आतल्या बाजूत. बाहेरून ती कशी दिसते याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. ती जन्मभर पँटच्या नाहीतर साडीच्या आत राहायची.

बायको पोस्टात टपाल वाटायची. शहराबाहेरचा लांबचा पट्टा तिच्याकडे, म्हणून पोस्टाने तिला मोटरसायकल दिलेली. छोट्या इंजिनाची, लाल रंगाची, कुठल्याही चढावर कण्हणारी. त्या पट्ट्यातले लहानथोर तिला टपालताई म्हणत. ती निवृत्त झाली त्याच सुमारास पोस्टाने जुन्या गाड्याही मोडीत काढल्या, आणि आपली तेवढी ती घरी घेऊन आली. दारात गाडी उभी करून म्हणाली, "हिला भंगारात कशी देऊ? हिने मला कधी रस्त्यात टाकलं नाही."

तिच्या पट्ट्याच्या टोकाला एक कोरडं तळं होतं. पाणी कधीकाळी आटून गेलेलं आणि आता नजर पोचेल तिथवर नुसती सपाट, पांढुरकी, टणक माती. वर्षातून एकदा तिथे मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरे. शर्यत म्हणावी तर कुणी कुणाच्या पुढे जायचं नसायचं. एकट्याने निघायचं, जीव खाऊन सरळ जायचं, आणि मधल्या आखलेल्या टप्प्यातून किती वेगाने गेलो ते घड्याळाकडून ऐकायचं. टपालताई त्यांची पार्सलं द्यायला जायची आणि सही घेता घेता जरा रेंगाळायची. एवढंच तिचं वेड. पण निवृत्तीनंतर पहिल्या मेळ्याला ती पार्सल न घेता गेली, आणि सगळ्यात छोट्या इंजिनांच्या गटात तिने आपली लाल गाडी उभी केली.

घरी आली ती हिरमुसली होऊन. चहा पिताना म्हणाली, "कुत्रं मागे लागलं होतं तेव्हा यापेक्षा जोरात गेले होते मी."

तिथे निशाण दाखवणारे एक आजोबा होते. त्यांनी तिला सांगितलं होतं की बाई, इंजिनाच्या मागे लागू नका, ते बिचारं आपल्या परीने करतंय. तुम्ही वाऱ्यात छत्रीसारख्या बसता. गाडीचं आणि तुमचं मिळून एक अंग करा. मग तिने बाकीच्यांच्या गाड्या बघितल्या. कुणी पुढे, कुणी मागे, फायबरचं गुळगुळीत कवच चढवलेलं होतं. फेअरिंग म्हणत त्याला.

"तुम्ही लोकांना पाय करता," ती त्याला म्हणाली. "मला ते एक करून द्या."

तो हो म्हणाला, कारण त्याला वाटलं, साचा घ्यायचा आणि फायबर चढवायचं, यात नवीन काय. वारा काय करतो हे आपल्याला अजिबात ठाऊक नाही, हे त्याच्या लक्षात दोन दिवसांनी आलं, आणि तिथून पुढे त्याची झोप उडाली. भीतीने नव्हे. कुतूहलाने. इतकी वर्षं हा वारा आपल्या अवतीभवती आहे आणि आपण त्याला एकदाही नीट बघितलं नाही, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटलं.

तो बघायला लागला. डास पळवायची कांडी पेटवून टेबलपंख्यासमोर धरायची आणि धुरात कधी बाटली, कधी बटाटा, कधी बायकोची चप्पल ठेवायची. भांडी घासताना चमच्याची पाठ नळाच्या धारेला लावून बघायची; पाणी उडून न जाता चमच्याला चिकटून वळत खाली येई, आणि तो नळ चालू ठेवून तसाच उभा. बायको येऊन नळ बंद करी. रस्त्याने जाताना तो ट्रकच्या मागे उडणारी धूळ बघत थांबायचा. दवाखान्यातल्या नर्स म्हणाल्या, पायवाल्यांना हल्ली काहीतरी झालंय, मघाशी झाडूवाल्या मावशींच्या झाडूसमोर उकिडवे बसले होते.

चिकणमातीचा एक छोटा नमुना त्याने केला. पुढून बाणासारखा टोकदार, मागे सीटपाशी संपवलेला. त्याच्याकडे पाय बसवून गेलेला एक शिपाई इंजिनिअरिंग कॉलेजात होता. त्याने सांगितलं की आमच्याकडे वारा सोडायची एक लांब पेटी आहे, एक बाई शिकवतात, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. तो बिस्किटांच्या डब्यात नमुना घालून गेला.

भुयारवाल्या बाई त्याच्याच वयाच्या. त्या पेटीला त्या वाऱ्याचं भुयार म्हणत. नमुना बघून त्या हसल्या, पण दुखावणारं हसणं नव्हतं ते. सगळे हेच करतात, म्हणाल्या. मग त्यांनी नमुन्यावर लोकरीचे बारीक धागे चिकटवले, भुयारात ठेवला आणि पंखा सुरू केला. पुढचे धागे शहाण्या मुलांसारखे मागे पडून राहिले. सीटच्या मागचे धागे वेडेपिसे झाले. काही तर उलटे, पुढच्या दिशेने वळले.

"तोंडाची काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "वाऱ्याला बाजूला सारणं सोपं असतं. सारलेला वारा मागे परत जुळवून देणं अवघड. तो जुळला नाही की मागे पोकळी राहते आणि ती पोकळी गाडीला मागे ओढते. शेपटीकडे बघा."

त्या दिवशी घरी जाताना त्याने रस्त्यावरची प्रत्येक वस्तू मागून बघितली. बसगाड्या मागून किती बोडक्या असतात हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. मासळीच्या दुकानापुढे तो इतका वेळ उभा राहिला की दुकानदाराने विचारलं, घ्यायचाय की ओळख निघाली? पुढून गोलसर, मागे लांब निमुळता होत गेलेला तो मासा त्याने शेवटी विकत घेतला आणि घरी आणून आधी दोरीने मोजला. मग बायकोने तो शिजवला.

मातीचे नमुने होत गेले. नाक बोथट झालं, शेपूट लांबली. नियमाप्रमाणे मागच्या चाकाच्या पलीकडे शेपूट काढता येत नव्हती, आणि बाजूने पाहिल्यावर चालवणारं माणूस झाकलेलं चालत नव्हतं. म्हणजे जे काही साधायचं ते बायकोच्या पाठीनेच साधायला हवं होतं. ती टाकीवर पालथी पडली की हेल्मेटपासून कंबरेपर्यंत तिची पाठ हाच कवचाचा मधला भाग. जिथे ती संपेल, तिथून शेपूट सुरू. आणि त्यासाठी टेबलावरचं ते प्लास्टर.

प्लास्टर सुकल्यावर त्याने ते अलगद उचललं आणि उजेडाकडे धरून आतून बघितलं. परक्या माणसांचे असे साचे त्याने जन्मभर बघितले होते. हात फिरवून तो सांगायचा की हा माणूस कुठल्या कुशीवर झोपतो, याची चप्पल कुठल्या बाजूने झिजते. आता साच्यात त्याला बायकोचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला दिसला. टपालाची पिशवी त्याच खांद्याला असायची. त्याने पट्टी लावून पुन्हा बघितलं.

"तुझा खांदा उतरलाय," तो म्हणाला.

ती पाठीवरचे प्लास्टरचे कण झटकत होती. "बरीच वर्षं झाली त्याला," ती म्हणाली.

लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. शेपूट त्याने त्या खांद्याप्रमाणे केली, एका बाजूने किंचित खाली. बाहेरच्या कुणाला ते कळलं नसतं.

लेकीचं या सगळ्याला उघड नाही नव्हतं आणि उघड हो पण नव्हतं. दर रविवारी ती यायची, कवच किती झालंय ते बघायची आणि आईला विचारायची की मैदानावर डॉक्टर असतात का. आई म्हणायची, असतात. पुढच्या रविवारी लेक तेच विचारायची.

सगळ्यात शेवटी त्याने पुढच्या चाकाचे गाल केले. चाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे, नाकातून निघून गुडघ्यापर्यंत वळत येणारे दोन मोठे पडदे. फायबरवर फायबर, घासणं, पुन्हा घासणं. रंग पोस्टाचा लाल. पूर्ण झालं त्या संध्याकाळी तो अंगणात स्टूल टाकून बसला आणि नुसता बघत राहिला. उजेड त्या गालांवरून घरंगळत जाई आणि कुठे अडत नसे. शेजारीपाजारी येऊन हात फिरवून जात. त्याने केलेल्या वस्तूवर कुणी कौतुकाने हात फिरवावा, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

भुयारवाल्या बाई मुद्दाम बघायला आल्या. दोन्ही बाजूंनी फिरल्या, वाकल्या, शेपटीपाशी बराच वेळ थांबल्या आणि छान म्हणाल्या. मग पुढे येऊन त्यांनी गालावर बोट ठेवलं. समोरून वारा आला तर हे तुमचे मित्र, म्हणाल्या, पण बाजूने आला तर हे शीड आहे. गाडीचं वजन जिथे तोललं जातं त्याच्या मागे शीड असलं तर गाडी बाणासारखी सरळ राहते. पुढे असलं तर नाक वळवते. त्यांनी त्याला तपासायची एक साधी रीतही सांगितली. कवच चढवलेल्या गाडीची बाजूने दिसते तशी आकृती पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि पट्टीच्या धारेवर तोलायची. जिथे तिचा तोल साधेल तिथे बाजूच्या वाऱ्याचा जोर धरायचा. "पण पुठ्ठा थोडं खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "खरा वारा त्याच्याही पुढेच ढकलतो. हात राखून ठेवा."

त्याने पुठ्ठा कापला, तोलला. पुठ्ठ्याचा तोल गाडीच्या वजनाच्या मागे आला, पण अगदी निसटता. हात राखून ठेवावा एवढी जागाच नव्हती. गाल कापले तरच ती मिळाली असती. तो पट्टी घेऊन गाडीसमोर बसला. बसला आणि गालांकडे बघत राहिला. मग त्याने मनाशी ठरवलं की तळ्यावर सकाळी वारा पडलेला असतो, टपालताईनेच तसं कितीदा सांगितलंय. पट्टी त्याने खिशात घातली.

तळ्यावर तिघंही गेले. भाड्याच्या टेम्पोत गाडी, पुढे ते तिघं दाटीवाटीने. त्याने ते मैदान पहिल्यांदाच पाहिलं. झाड नाही, दगड नाही, आकाश टेकायलाही काही नाही. तंबूंच्या रांगेत लोक लाल गाडीभोवती जमले. निशाणवाले आजोबा आले, त्यांनी टपालताईला ओळखलं, कवचाभोवती एक फेरी मारली आणि कुणी केलं म्हणून विचारलं. तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी त्याचा हात हातात घेतला आणि तो कितीतरी वेळ सोडलाच नाही. तो इतका लाजला की लेकीला हसू आलं.

गटाचा उच्चांक मोडायचा तर दोन फेऱ्या लागत, पहिली आज, दुसरी उद्या, आणि दोन्हींची सरासरी. पहिल्या फेरीला टपालताई कवचात शिरली, पाठ शेपटीला टेकली, आणि ती आणि गाडी असा फरकच दिसेना. आवाज चढत गेला, लाल ठिपका पांढऱ्यात विरत गेला. कर्ण्यावरून आकडा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या उच्चांकाच्या पुष्कळ वर. लेकीने त्याचा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ उठला.

टपालताई परत आली, हेल्मेट काढलं, पाणी प्यायली, हसली. कशी गेली, त्याने विचारलं. छान, ती म्हणाली. आणि जरा पडते म्हणून तंबूत गेली.

तो मात्र चैन न पडून मैदानात निघाला. त्याला चाकांची खूण बघायची होती, दुसरं काही नाही. पेशंट नवीन पाय लावून पहिल्यांदा चालला की तो त्याच्याकडे न बघता ओल्या फरशीवर उमटलेल्या पावलांकडे बघे. माणूस सवयीने बरं आहे म्हणतो, पाऊल तसं म्हणत नाही. निशाणवाल्या आजोबांना विचारून तो दुपारच्या विसाव्यात कडेकडेने चालत गेला. टणक मातीवर टायरची पुसट काळपट रेघ. सरळ, सरळ, पुन्हा सरळ. त्याला बरं वाटलं. आणि मग मोजणीच्या टप्प्याच्या जरा अलीकडे रेघ डावीकडे गेली. परत आली, मूळच्या जागेच्या पलीकडे गेली, पुन्हा डावीकडे. तीन वळसे. तिसरा सगळ्यात मोठा. मग हळूहळू ती सरळ झाली.

तो तिथे उकिडवा बसला. त्याच्या गालाला उजवीकडून वाऱ्याची हलकी झुळूक लागत होती. वाळत घातलेला रुमालही हलणार नाही, एवढीच.

तंबूत टपालताई जागीच होती. लेक बाहेर स्टोव्हवर चहा ठेवत होती.

"मधे काय झालं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कुठे काय?"

"मी चालत जाऊन बघून आलो."

ती उठून बसली. जरा वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "पुढचं चाक ऐकेना," ती म्हणाली. "थोडा वेळच. मग ऐकलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गाल कापले असते."

बाहेर स्टोव्हचा आवाज येत होता.

"लोक कसे बघत होते," ती म्हणाली. "आजोबांनी तुमचा हात धरला. तुमची एवढी कामं, कुणी कधी बघितलीत? उद्या सकाळी वारा नसेल. एकच फेरी आहे. मी धरेन घट्ट."

त्याला एकदम पुठ्ठा आठवला, आणि खिशात घातलेली पट्टी. तो तिच्याजवळ खाली बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या होत्या, पुठ्ठ्याचा तोल कुठे आला होता, आणि हे कळूनही आपण गाल का ठेवले. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. एवढंच विचारलं, की कापले तर आकडा किती खाली येईल. तो म्हणाला, ते मला माहीत नाही. खरंच नाही.

"मग ते कळेल तरी," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

टेम्पोच्या सावलीत त्याने खडूने रेघ आखली. लेक चहाचे कप घेऊन आली आणि थबकली. कुणीच तिला काही समजावलं नाही. तिने कप खाली ठेवले आणि दुसऱ्या बाजूने कवच धरलं. टपालताईने पुढून धरलं. तो पाय कापताना, म्हणजे फायबरचा पाय, जशी सावकाश करवत चालवी तशीच चालवत होता. लाल भुकटी तिघांच्या हातांवर बसली. पहिला गाल सुटला तेव्हा तो हाताला इतका हलका लागला की लेकीला वाटलं आपल्या हातून काहीतरी निसटलं. येणारेजाणारे थांबले. एकजण म्हणाला, अहो, हे काय करताय? निशाणवाले आजोबा तिथे होते. त्यांनी कापलेल्या गालाकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं आणि त्या माणसाला खांद्याला धरून पुढे नेलं.

कापलेली कड खरखरीत होती. घासायला वेळ नव्हता, म्हणून त्याने तिच्यावर चिकटपट्टी लावली. आता गाडी पुढून बोडकी, पंख उपटलेल्या पाखरासारखी दिसत होती. पुढचं चाक उघडं, त्याच्या तारा उघड्या. संध्याकाळी लाल गाडीपाशी फारसं कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा होता. कालच्याहून जास्त. तंबूंच्या कनाती फडफडत होत्या आणि काहींनी फेरी रद्द केली. टपालताई कवचात शिरली. निशाण पडलं आणि ती निघाली. लेकीने डोळे मिटून घेतले. त्याने डोळे उघडे ठेवले, पण डोळ्यांचा फारसा उपयोग नव्हता; तो कान देऊन होता. चाक अडखळलं की माणूस नकळत हात सैल सोडतो आणि इंजिनाचा आवाज क्षणभर खाली येतो, हे त्याला काल रात्री पडल्यापडल्या सुचलं होतं. आवाज चढला. चढत राहिला. एकाच उंचीवर ताणलेला राहिला, कुठेही न मोडता, आणि दूर जाऊन विरला.

कर्ण्यावरून आकडा आला. आजूबाजूच्या लोकांनी अरेरे म्हटलं.

ती परत आली तेव्हा तो धावत गेला नाही, पण फार सावकाशही गेला नाही. तिने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"कशी गेली?"

"रेल्वेच्या रुळावरून गेल्यासारखी," ती म्हणाली. "वारा बाजूने थडाथड बसत होता, पण हिने मान वळवली नाही." मग तिने विचारलं, "किती?"

"ऐकलंच नाही मी," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

लेकीने आकडा सांगितला. आणि कालचा धरून सरासरी किती होते तेही. ती तिने तोंडी काढली होती. उच्चांक हुकला होता. थोडक्यात, पण हुकला होता. टपालताईने मान हलवली. हातमोजे काढून टाकीवर ठेवले आणि जरा वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. पुढच्या वर्षी गुडघे एवढे वाकतील की नाही, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.

फोटो काढूया, लेक म्हणाली, आणि गाडीवरची धूळ पुसायला ओलं फडकं घेऊन आली. तिने हात उचलला तेवढ्यात तो म्हणाला, "पुसू नकोस."

लाल रंगावर पांढुरकी धूळ बसली होती. तो वाकला. नाकावर धुळीच्या बारीक सरळ रेघा होत्या, एकमेकींना धरून मागे निघालेल्या. चिकटपट्टीच्या कडेपाशी त्या विस्कटल्या होत्या, धुळीचा नुसता गोंधळ झाला होता, आणि हे कापल्यामुळे होणारच होतं. पण त्याच्या मागे, गुडघ्यापाशी, त्या हळूहळू पुन्हा एकत्र आल्या होत्या. आणि शेपटीवर तर विंचरलेल्या केसांसारख्या निघाल्या होत्या, दोन्ही बाजूंनी, अगदी टोकापर्यंत, आणि टोकाशी एकमेकींना भेटल्या होत्या. इतके महिने जो वारा तो धुरात, पाण्यात, लोकरीच्या धाग्यांत शोधत होता, तो जाताना इथे असा लिहून गेला होता.

"हे बघ," तो म्हणाला. "इथे सुटलाय. आणि इथे परत धरलंय त्याने. बघ."

टपालताई वाकली. लेकही फडकं मागे धरून वाकली. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि नाकावरच्या दोन रेघा त्यांच्या डोळ्यांदेखत पुसट झाल्या.

तो झटकन उठला आणि वारा येत होता त्या बाजूला, गाडी आणि मैदान यांच्या मधे, जाऊन उभा राहिला. अंगातला कोट त्याने दोन्ही हातांनी पसरून धरला. पाठीवर वारा आदळत होता, कोट फडफडत होता, पाय रोवून तो तसाच उभा राहिला.

"सावकाश बघा," तो म्हणाला. "मी आहे उभा."